जात्यावरचे तीनशे शब्द

फर्दापूर,
२० नोव्हेंबर १९७४

प्रिय साळू,

‘प्रिय’ लिहिताना पेन दोनदा थांबलं, हे आधीच कबूल करतो. लग्नाला पाच वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, आणि घरात माय असताना तर मी तुला नावानंही हाक मारत नाही. पण पत्र असंच सुरू करायचं हे तूच शिकवलंस, तेही इंग्रजीत. आधी ‘डिअर’, मग स्वल्पविराम, मग कामाचं. स्वल्पविराम दिला आहे. आता रागवायचं असेल तर रागव. मंगळवारी तुझ्या चुलतभावानं, कडूबानं, मला औरंगाबादच्या एस. टी. स्टँडवर पाहिलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तेव्हा तुझ्या माहेरी, चिकलठाण्यात, ती बातमी माझी गाडी फर्दापूरला लागायच्या आधी पोचली असणार. परीक्षेला आले, आणि तीन कोसांवर बायको आणि अडीच महिन्यांची लेक असताना तोंड न दाखवता परत गेले, असं तू म्हणत असशील. खरं आहे. का आलो नाही ते सांगतो, आणि गाइडच्या परीक्षेचं काय झालं तेही सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे.

घरी सगळं ठीक आहे. म्हैस दूध देते आहे. तू लावलेला वाल छपरावर चढला आणि आता शेजारच्या भागूबाईच्या छपरावर निघाला आहे. शेंगा तिकडच्या बाजूला जास्त धरल्या म्हणून माय रोज त्या वेलाला बोलते. गिरणी पुन्हा बंद आहे, मोटार जळली म्हणतात. म्हणजे आपलं जातं सुरूच आहे, आणि ऐक, ते मी ओढतो आहे. पीठ जाडंभरडं निघतं. माय भाकरीच्या कडेला पडलेल्या भेगा मला दाखवून ताटात वाढते.

तुझ्याशिवाय त्या जात्यापाशी बसलं की सगळं आठवतं. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. पहिलीत अलिफ-बे गिरवलं, मग पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि दुसरीत पाटीवर ग म भ न आलं. इंग्रजीची पाळी येईपर्यंत वडील गेले आणि शाळाच सुटली. तू मात्र नववी पास होऊन, पेटीत साड्यांच्या खाली इंग्रजीचं पुस्तक घालून आलीस. मला गाइड व्हायचं आहे असं मी म्हणालो तेव्हा तू हसली नाहीस. वहीत तीनशे शब्द काढलेस, लेण्यांत ज्यांच्यावाचून अडतं तेवढेच. पण वही घेऊन बसायला तुला वेळ कुठं होता? म्हणून पहाटे दळायला बसताना मला समोर बसवलंस. जात्यात एक मूठ ज्वारी पडली की एक नवा शब्द, आणि ती मूठ दळून होईपर्यंत तोच घोकायचा. केव्ह. पिलर. सीलिंग. दुसऱ्या दिवशी पहिल्या मुठीपासून पुन्हा उजळणी, आणि जो शब्द अडेल त्याला तू खुंटा घट्ट धरून जातंच थांबवायचीस. बाप्या जात्याला बसला म्हणून मायनं आठ दिवस अबोला धरला होता. गल्लीतली माणसं मला ‘दळणवाले साहेब’ म्हणायची. मला राग यायचा, तुला हसू यायचं.

माझं काम तुला माहीत आहेच, पण आज ते लिहावंसं वाटतं. आठ वर्षं मी लेण्याच्या तोंडाशी आरसा धरून उभा आहे. ऊन सरकेल तसा आरसा सरकवायचा, आत अंधारात नेमक्या चित्रावर उजेड पाडायचा. त्या उजेडात उभं राहून बोलतो तो गाइड. लोक त्याच्याकडं पाहतात, चित्राकडं पाहतात, आरशामागं माणूस आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मला त्याचं लई वाईट वाटायचं. म्हणूनच तर गाइड व्हायचं होतं.

आता जे लिहायचं आहे ते इतके दिवस टाळलं. गेल्या फाल्गुनात तू माझा डबा घेऊन वर आली होतीस. गाइड फकिराभाई पाणी प्यायला गेले होते, आणि एक गोरी म्हातारी छताकडं बोट दाखवून मला काहीतरी विचारत होती. मला शब्द येत होते, पण तोंड उघडेना. तू डबा खाली ठेवलास, पदर सारखा केलास आणि बोलू लागलीस. हंसांची रांग, कमळाचं तळं, हत्ती. आपल्या तीनशे शब्दांतलेच शब्द, पण तू ते असे जोडलेस की ती म्हातारी खाली बसून ऐकायला लागली. मी आरसा धरला होता. तू बोट करशील तिकडं उजेड नेत होतो. आठ वर्षांत माझा हात इतका नीट कधी चालला नव्हता.

आणि घरी येऊन मी काय केलं? चारचौघांत बाईमाणसानं असं बोलायचं नाही, लोक काय म्हणतील, असं म्हणून तुला फाडून खाल्लं. तू दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी मूठ टाकलीस आणि शब्द दिलास. मला अजून लख्ख आठवतं, त्या दिवशीचा शब्द होता ‘शॅडो’. साळू, लोक काही म्हणाले नव्हते. मला हेवा वाटला होता. त्या म्हातारीनं जाताना मला काय सांगितलं ते तू विचारलंस, तेव्हा कळलं नाही म्हणालो. कळलं होतं. तुझी बायको फार छान समजावते, असं ती म्हणाली होती. मी ते दाबून ठेवलं. चुकलं माझं. हे लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं आहे.

तर परीक्षा. टेबलापलीकडं एक वयस्कर साहेब आणि एक बाई बसल्या होत्या. पहिले दोन प्रश्न सोपे गेले. मग साहेबांनी इंग्रजीत विचारलं, चित्र काढायच्या आधी भिंतीला काय लावत? उत्तर मला ठाऊक, शब्दही ठाऊक. पण तो शब्द माझ्याकडं होता एकशे चाळिसाव्या मुठीला! मधूनच काढायला जावं तर तो निघेना. मग काय, मनातल्या मनात ‘केव्ह’पासून सुरुवात केली. थोड्या वेळानं त्या बाईंनी मराठीत विचारलं, तुमचा हात दुखतो आहे का? खाली पाहिलं तर माझा उजवा हात टेबलावर गोल गोल फिरत होता. मी दळत होतो. ‘प्लास्टर’पाशी पोचेपर्यंत साहेबांनी पुढचा माणूस आत बोलावला होता.

नापास झालो, साळू. तिथल्या तिथं सांगितलं. पण उठताना त्या बाईंनी हात फिरवण्याचं कारण विचारलं, आणि मी जात्याचं, मुठींचं, तुझं, सगळं सांगून टाकलं. दोघंही हसले, पण ते हसणं टोचलं नाही. मग बाई म्हणाल्या, “शब्द तिचे, उजळणी तिची. मग परीक्षेला ती का नाही आली?”

उठलो होतो तो मी पुन्हा खुर्चीत बसलो.

बायकांना मनाई आहे का, असं मी उलट विचारलं. नाही म्हणाल्या. आजवर या भागातून कुणी अर्ज केला नाही, एवढंच. पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे.

परतीच्या गाडीत मला वाईट वाटायला हवं होतं. सिल्लोड येईपर्यंत वाटूनही पाहिलं. पण सारखी ती हंसांची रांग डोळ्यांपुढं येत होती आणि हात चुळबुळत होता, आरसा धरल्यासारखा. घरी येऊन मायला सगळं सांगितलं. वाटलं, आता परत आठ दिवस अबोला. तिनं सुपातले खडे वेचून संपवले. मग म्हणाली, “म्या जलमभर दळलं, माझ्या जात्यातून पीठच निघालं. तिच्या जात्यातून आणिक काय निघत असंल तर निघू दे. पोरीला मी बघते.” तू विश्वास ठेवणार नाहीस म्हणून तिचे शब्द आहेत तसे लिहिले.

आता चिकलठाण्याला का आलो नाही ते. त्या कचेरीतून निघताना माझ्या खिशात एक कोरा अर्ज होता. तो घेऊन आलो असतो तर तात्यासाहेब ओसरीवर, तुझी आई दारात, आणि मी आपला नेहमीसारखा आधी बोलून मोकळा. तू वडिलांकडं पाहून, माझ्याकडं पाहून मान हलवली असतीस, हो किंवा नाही, आणि ती मान तुझ्या मनानं हलली की आमच्या, ते मला कधीच कळलं नसतं. त्यापेक्षा पोर झोपली असताना तू एकटीनं वाचावं, म्हणून हे पत्र. अर्ज सोबत ठेवला आहे. तुझी पेटी न विचारता उघडली, शाळेचा दाखला काढला, आणि नाव, जन्मतारीख, शिक्षण सगळं भरलं. ‘धंदा’ लिहायच्या जागी घरकाम लिहिलं होतं, ते खोडून ‘शिकवणे’ लिहिलं. सहीची जागा कोरी आहे. ती मी करू शकत नाही आणि करणारही नाही. नको वाटलं तर फाडून चुलीत घाल, मी कधी विषय काढणार नाही. करावीशी वाटली तर कर आणि संक्रांतीच्या आत घरी ये. उजळणीला मूठ मी टाकेन, अडलीस तर खुंटा मी धरेन, जरी तू अडणार नाहीस हे मला ठाऊक आहे. आणि पुढं लेण्यात जाशील तेव्हा अंधाराची काळजी करू नकोस. आरसा धरायचं काम मला आठ वर्षांचं येतं. तू फक्त बोट दाखव आणि बोल.

लेकीला पापा, तात्यासाहेबांना आणि आईंना नमस्कार.

जात्यापाशी वाट पाहणारा,
तुझाच,
सांडू