पंजावरची गाठ

१८ सप्टें. ८८, रविवार

मशीन आलं. शेठनी हैदराबादहून आणलं, वखारीसमोर पोत्यावर ठेवलं आणि निम्मं ताडकळस बघायला लोटलं. पेट्रोलवर चालणारी करवत. चालवणार कोण, तर आमचे द. (तोंडाने नाव घेत नाही, वहीत एक अक्षर चालतं.) आयटीआय झालेलं गावात दुसरं आहे कोण? आजवर इंजिनं, पंप दुरुस्त करायचे, पण त्यात काम थोडं आणि वाट बघणं फार. पारावरची मंडळी मुद्दाम ऐकू येईल असं म्हणायची, "मास्तरीणबाईच्या पगारावर बरं चाललंय." आज कुणाला शब्द सुचला नाही.

कंपनीचा माणूस एका दुपारीत सगळं शिकवून संध्याकाळच्या बसने गेला. हाताने आरा ओढणाऱ्यांना जो ओंडका अर्धा दिवस पुरतो तो द.नी बघता बघता दोन केला. लोक हसले, मीही हसले. पण तो आवाज अजून दाढांत बसलाय.

२० सप्टें.

द.ना निम्मं आठवत नाही. "तो सांगायचा हिंदीत, आन् तेबी पळत पळत." म्हणून आता रोज सकाळी चहाबरोबर परीक्षा. चौथीला पाढे विचारते तशी.

"चालू करताना मशीन कुठं?"
"भुईवर. मागच्या मुठीत पाय."
"डावा अंगठा?"
"मुठीखालून."
"आपण कुठं उभं राहायचं?"
"साखळी फिरते त्या पट्टीच्या रेषेत न्हाई. बाजूला."
"पेट्रोल कधी भरायचं?"
"थंड झाल्यावर."
"आणि थंड होईपर्यंत?"
"गप बसायचं. विडी न्हाई."

पुढच्या मुठीसमोर एक काळी आडवी ढाल आहे. हाताच्या पंजाएवढी, म्हणून मी तिला पंजा म्हणते (निवडणुकीतला नव्हे). मशीन उसळून अंगावर आलं की मनगट तिला लागतं, ती पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. द.नी ढकलून दाखवली. खट्. तो आवाज मला आवडला. त्या मशीनमधला तेवढाच.

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "बया, नवऱ्याला छडी घिऊन शिकवायली." हसल्या मात्र.

२९ सप्टें.

रस्त्याच्या कडेच्या बाभळी चालल्यात. द. खुशीत. गळ्यातला गमछा काढायला लावला त्यावरून भांडण. "गमछ्याबिगर बोडकं वाटतंय." म्हटलं, साखळीत गेला तर मान पण जाईल, मग काय बोडकं वाटायचं नाही. काढला.

फळ्यावर लिहिताना कान बाहेर असतो. आवाज येतोय तोवर हात चालतो. थांबला की खडू थांबतो. पोरांच्या लक्षात आलंय.

६ ऑक्टो., गुरुवार

मशीन उसळलं.

द. घरी आले ते दुपारीच. सदऱ्याला छातीवर उभी चीर. बनियन शाबूत, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी ती चीर बघत बसले.

रात्रीपर्यंत तुकड्यातुकड्याने कळलं. फांदी कापताना पट्टीचं टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागलं. मशीन उसळून अंगावर आलं. "मला दिसलंच न्हाई. नुसतं आलं." मनगट पंजाला लागलं, खट् झालं. साखळी थांबली तेव्हा सदऱ्याला चिकटलेली होती.

जेवले नाहीत. तांब्या उचलला तर पाणी सांडलं.

७ ऑक्टो.

सासूबाईंनी मला विचारलं, झालं काय. द. त्यांना काही सांगेनात. मी सांगितलं. कशाने वाचले तेही सांगितलं. कोपऱ्यात ठेवलेल्या मशीनपाशी नेऊन पंजा दाखवला. त्यांनी पदर पुढे घेऊन त्याला नमस्कार केला. मला बरं वाटलं. कुणाला तरी कळलं म्हणून.

११ ऑक्टो.

द. घरीच. आज मशीनजवळ गेले, चालू करायची दोरी धरली, सोडून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याच्यानं न्हाई व्हत."

मला किती हलकं वाटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगता यायचं नाही.

१४ ऑक्टो.

शेठ आले होते. बाजाराच्या मैदानातली जुनी चिंच यंदाच्या पावसाने कललीय, दुकानांच्या पत्र्यांवर येईल. पंचायतीला दिवाळीआधी उतरवून हवी. शेठ जाताना म्हणाले, "न्हाई जमत तर तसं सांगा. मानवतचा एक पोरगा तयार हाय."

पारावर लगेच पोचलं. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "काय इंजिनेर, करवतीनं चावलं का?" द. मान खाली घालून आले. माणूस भीतीने मरत नाही, पण अशा बोलण्याने रोज थोडा झिजतो. हे मला कळतं. तरी मी मनात म्हणत होते, मानवतच्या पोरालाच बोलवा.

१९ ऑक्टो., खंडेनवमी

विळे, खुरपी, कुऱ्हाड, द.चे पाने-पकडी, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं. मधोमध मशीन. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. सासूबाईंनी देवीच्या देवळातून राखणीचा नाडा आणला होता. पहाटेपासून निर्जळी. मशीनला नाडा बांधताना ओठ हलत होते, वेढ्यावर वेढा. मग द.च्या कपाळाला अंगारा. म्हणाल्या, "आता कशाला भ्यायचं न्हाई."

द.नी मशीनला डोकं टेकलं. कितीतरी वेळ.

२० ऑक्टो., दसरा

सोनं लुटून आल्यावर द. म्हणाले, चिंच मीच पाडतो. तांब्या उचलला, पाणी सांडलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं.

२२ ऑक्टो.

सकाळी पुन्हा परीक्षा. पाय, अंगठा, उभं राहणं. झाड पडायच्या बाजूला आधी खाच, मग मागून काप, मध्ये बिजागरीसारखं थोडं लाकूड ठेवायचं, पळायची वाट आधी मोकळी करायची. सगळं बरोबर.

"पंजा?"

"हाय की. आईनं बांधलाय न्हवं का त्येच्यावरच."

मी वाकून बघितलं. नाडा पुढची मूठ आणि पंजा, दोन्हींना मिळून बांधलेला. हळद-तेलाने वाळून सुतळीसारखा कडक. पंजा ढकलून बघितला. हलला नाही.

चहा उतू गेला तो तसाच.

२३ ऑक्टो., रविवार

द.शी बोलले. म्हटलं, ज्याने वाचवलं त्याचेच हात बांधलेत. म्हणाले, "मला दिसत न्हाई का? मशीन मी चालवतो." मग हळू आवाजात, "नाडा बांधल्यापासून हात थरथरायचा थांबलाय. तो सोडला तर मी दोरी ओढूच शकायचो न्हाई. आन् थरथरत्या हातानं ओढली, तर पंजा असून काय उपेग?"

मी नाड्याकडे बोट केलं.

"नाडाच हाय. धक्का लागला की तुटंल."

मी तो नाडा ओढून बघितलाय. तुटायचा नाही.

२४ ऑक्टो.

सासूबाईंना समजावलं. आत्याबाई, तो भाग सुटा राहायला पाहिजे.

"सुटा व्हता तवाच मशीन लेकराच्या अंगावर आलं की. ज्यानं राखलं त्याला उघडं कसं ठिवू? उद्या निघून गेला म्हंजे?"

आत्याबाई, तो पुढे गेला म्हणूनच तर...

"बांधलेला नाडा हातानं सोडायचा नसतो. झिजून पडंल तवा पडंल. सोडला तर राखण उलटते." मग चूल फुंकता फुंकता, "तुला आमचं काही पटत न्हाई. म्हायेर पेडगावचं, त्यात मास्तरीण."

चूक माझीच का? मीच पंजा दाखवला. दाखवला नसता तर त्यांनी मागच्या मुठीला बांधला असता. किंवा टाकीला. दुसऱ्या कशालाही बांधला असता, चाललं असतं.

२६ ऑक्टो.

चिंच रविवारी पाडायची ठरलं. आज शाळा सुटल्यावर बघून आले. दोघांच्या कवेत मावायची नाही. कललेली आहे, म्हणजे आतून ताणलेली. कंपनीवाला म्हणाला होता म्हणे, कललेलं झाड वेळेआधी फाटतं. आणि वरून गाठीगाठींच्या फांद्या. पट्टीचं टोक लागायला जागाच जागा.

स्वप्नात नुसता आवाज. खट् व्हायचा होता तो होतच नाही.

२८ ऑक्टो.

दुपारी घरी एकटी. शेवटचा तास दुसऱ्या बाईंना देऊन आले. सासूबाई देवळात, द. वखारीवर.

कात्री घेतली, ठेवली. कापवेना. मी काही देव न मानणारी नाही. हात धुतले, दिवा लावला, देवीला म्हटलं, सोडत नाही, सरकवते फक्त. मग केसातल्या आकड्याने गाठ उकलायला बसले. पाण्याचं बोट लावलं तशी सैल झाली. सगळा नाडा उलगडून पुन्हा तसाच गुंडाळला, पण नुसत्या मुठीला. पंजा बाहेर ठेवला. लांबून बघितलं तर तसंच दिसतं.

ढकलला. खट्. मागे ओढला, सुटला. पुन्हा ढकलला.

मग बसूनच राहिले. आतापर्यंत गाठ सासूबाईंची होती. आता माझी आहे. काही झालं तर माझ्या गाठीने झालं. आणि द.ना कळलं, हात थरथरला, तर तेही माझ्याच गाठीने.

सांगू का? सांगितलं तर जातील का? न सांगता पाठवू?

२९ ऑक्टो.

सांगितलं नाही. सासूबाईंनी सकाळी मशीनला फूल वाहिलं. जरा जास्त वेळ वाकल्या होत्या, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. संध्याकाळी मला वाढताना भाकरीवर लोणी जास्त घातलं. त्याचा अर्थ काय काढू?

३० ऑक्टो., रविवार

ओट्यावर बसून लिहितेय. हाताला काहीतरी हवं.

सकाळी परीक्षा घेतली. पाय. अंगठा. लोक लांब, झाडाच्या उंचीच्या दुप्पट. वखारीवरचा रामा दोर धरणार, तो कुठे उभा राहणार. थंड झाल्याशिवाय पेट्रोल नाही. सगळं पाठ. पंजाचं मी आठवडाभर विचारत नव्हते. आज विचारलं. न विचारता पाठवणं झालं नाही माझ्याच्याने.

"पंजा?"

द.नी सवयीने तळहाताने ढकलला. खट्.

ते थांबले. नाड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडेही बघितलं. पंजा मागे ओढून घेतला. त्यांचा हात थरथरला की मला तसं दिसलं, कळत नाही. मशीन उचललं, "येतो," म्हणाले. मला वाटलं, परत बोलवावं. तोंडाने नाव घ्यायची सवय नाही, हाक कशी मारणार?

नऊच्या सुमारास आवाज सुरू झाला. म्हणजे दोरी ओढली. ओढता आली.

सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. अशा कधी बसत नाहीत. आवाज वर चढतो, जड होतो, पुन्हा हलका. खाच मारत असणार.

आवाजाकडे कान ठेवूनच म्हणाल्या, "गाठ माझी न्हाई ती. कालच दिसली."

मी खाली बघत होते.

"माझ्या हातनं सुटली नसती. तू बोलल्यापासून चार दिस मशीनपाशी जात व्हते, बोट लावायची हिंमत झाली न्हाई." मग म्हणाल्या, "तुझी तरी पक्की हाय का?"

हो म्हटलं.

आवाज थांबलाय.

झाड पडल्याचा आवाज आला नाही. ओरडाही नाही. मैदानाकडून कुणी पळत येत नाही. सासूबाईंनी माझं मनगट धरलंय, डाव्या हाताचं, म्हणून लिहिता येतंय.

"पेट्रोल भरायला थांबला असंल."

असेल. पण मग थंड होईपर्यंत थांबायला हवं. महिनाभर मीच त्यांच्याकडून घोकून घेतलंय, थंड झाल्याशिवाय भरायचं नाही, गप बसायचं.

"लय येळ लागतो का गं थंड व्हायला?"

लागतो, म्हटलं. लागतो आत्याबाई.

आवाज अजून सुरू झालेला नाही.