नटाच्या शेजारची बाई

११ नोव्हेंबर
फोटोच्या दुकानाचं शटर वर करायच्या आधीच प्रमिलाबाई दारात. रिटायर नर्स, आमच्याच लायनीत राहतात. हातात मोबाईल.
"जय भीम भाऊ. हे पहा. माही माय कुठं गेली यातून?"
अकोल्यात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरून राहिलं, त्याची जाहिरात. फोटो आमचा! टॉकीजबाहेर मुंबईचा मोठा नट उभा, गालात घास. शेजारी कढईमागं प्रमिलाबाईंची आई गंगूबाई पाहिजे. मनगटापर्यंत हात आहे, वडी धरलेला. बाई कापली.
खाली छापलं : 'अकोल्याच्या उडुपी हॉटेलात सांबार-वड्याचा आस्वाद घेताना.'
बयताड लेकाचे!
कोपऱ्यात : 'छायाचित्र व संग्रह – दिगंबर.'
दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोललो. आतून जळून राहिलो होतो.

१२ नोव्हेंबर
दिग्या माझा अकोल्यातला पार्टनर होता. फाटलं तेव्हा त्यानं निगेटिव्हची पेटी नेली, मला एन्लार्जर दिला, फोटो मोठे करायचं मशीन. तेवढा एन्लार्जर घेऊन अमरावतीत आलो, त्यावर तीन दुकानं उभी केली. त्याचं अजून ते एकच, पायऱ्यांवर कुत्री झोपतात. तरी पेटी सलते.
माझ्याकडची प्रत वाळवीनं खाल्ली. गंगूबाई गेली, नट तेवढा ठेवला. वाळवीही दिग्याच्याच पार्टीची.
लोक म्हणतात, फोटोत नट बाजूला पाहतो ते एखाद्या पोरीकडं. कुठली पोरगी! टॉकीजचा मॅनेजर होता तिथं. नटाच्या कानाशी लागला, "साहेब, इथचं नका खाऊ, ही बाई त्या लोकांतली हाय." मी हाताच्या अंतरावर, शब्द न् शब्द ऐकला. नटानंही ऐकला. मॅनेजरच्या डोळ्यांत पाहत त्यानं गंगूबाईच्या हातून दुसरी वडी घेतली आणि तोंडात टाकली. तोच हा फोटो. बाई कापली की उरतं काय? एक माणूस खाऊन राहिला. माणसं रोजच खातात.

१४ नोव्हेंबर
फोटोंखाली मजकूर लिहिणारी मुलगी पुण्याची. नंबर काढला, फोन लावला. आवाज मऊ, सगळं 'सर, सर'.
"सर, दिगंबर सरांनी फोनवर सांबारवडी सांगितलं होतं. मला वाटलं, त्यांना सांबार-वडा म्हणायचंय."
म्हटलं, "बाई, आमच्याकडं सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. ती तुमच्या सांबारात वरून टाकतात, तेवढाच संबंध."
मग म्हणाली, "आणि हॉटेलात चूल, बाई... ते जरा विसंगत वाटलं, म्हणून क्रॉप केलं."
म्हणजे आधी हॉटेल बांधलं, मग हॉटेलात बसत नाही म्हणून बाई बाहेर काढली.
मुलगी वाईट नाही. दोनदा सॉरी म्हणाली. पण बदल करायचा तर दिगंबर सरांची परवानगी लागेल.
सरांची.

१६ नोव्हेंबर
गेलो अकोल्याला. दिग्या गादीवरून उठला नाही.
"कोन मेलं म्हणून आला?"
"अजून कोनी नाई. तुह्याकडं पाहून आशा हाय."
हसला नाही. सूनबाई चहा ठेवून गेली. मी हात लावला नाही.
म्हटलं, गंगूबाईले लाव, नाव लाव, आणि फोटो मी काढला तेही लिही.
"तू काढला? तू तं डार्करूममंदी डेव्हलपरच्या टबात बोटं बुडवून बसला होता!"
"टॉकीजच्या दारात कोनता टब होता बे?"
असं बराच वेळ चाललं. दोन म्हातारे, शब्द सगळे जुनेच. शेवटी तो अचानक शांत झाला. त्याची शांती मी ओळखतो, कैची हातात घेतल्यावर असाच शांत व्हायचा.
"बाईले अख्खी लावतो. नावासकट. मोठ्ठी. पण उद्घाटनाले तू यायचं, माईकवर सांगायचं, फोटो दिगंबरनं काढला."
"कायले?"
"माहा नातू तुह्या दुकानात गेला होता अल्बम घ्याले. तू त्याले ओळखलं नाई. त्याच्यासमोर बढाई मारली, हा फोटो म्या काढला म्हणून. पोट्टा घरी येऊन मले विचारते, आबा, तुमी खोटं बोलता का?"
"अन् नाई म्हटलं तं?"
"तं तुही बाई ऱ्हाते बाहेर."
तुही बाई म्हणे. उठून आलो.

१७ नोव्हेंबर
हिला सांगितलं. ही मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुमी दोघं कापा एकमेकाले. बाई तं आधीच कापली."
मेथीत माती आहे, म्हणालो.
संध्याकाळी प्रमिलाबाई. "काय म्हणाले भाऊ ते?"
"तयार हाय. जराशी अडचण हाय."
अट सांगितली नाही. सांगितली की त्या मला सोडवायला जातील, राहू द्या भाऊ म्हणतील. नाहीतर राहू द्या म्हणणार नाहीत. कोणतं जास्त लागेल, माहीत नाही.
त्या म्हणाल्या, "मायचा दुसरा फोटोच नाई. नात विचारते, पणजी कशी दिसे. मी म्हटलं, चाल अकोल्याले, दाखवतो."

१९ नोव्हेंबर
दिग्याचा फोन. "हो का नाई?" मी ठेवून दिला.
परत आला. परत ठेवला.
मरू दे. त्याच्या नातवासाठी मी माईकवर खोटा पडू? माझ्या तिन्ही दुकानांत त्या फोटोची गोष्ट सांगून मी माणसं जोडली. गोष्ट त्याच्या नावावर करून देऊ?
पुण्याच्या मुलीचा मेसेज आला. फोटोचे दोन प्रिंट आणि त्यांच्या दोन पाट्या तयार आहेत, कोणती लावायची ते दिगंबर सर उद्घाटनाच्या वेळी सांगणार. एकीवर गंगूबाईचं नाव, शुद्धलेखन बरोबर का, विचारलं.
बरोबर आहे, लिहिलं. एवढंच.

२२ नोव्हेंबर, सकाळ
आज उद्घाटन. आंघोळ झाली. हिनं पांढरा शर्ट काढून ठेवला, बोलली काही नाही.
आत्ता प्रमिलाबाईंचा फोन होता. खूश. नात तयार, स्वतः इस्त्रीची साडी नेसल्या. म्हणाल्या, "भाऊ, लायनीत राहून कधी विचारलं नाई. माय मरेपर्यंत सांगे, नटाचं काई नाई व, त्यानं वडी खाल्ली अन् गेला. पण फोटोवाल्या पोट्ट्यानं मले 'वर पाह्य माय' म्हटलं. साऱ्या अकोल्यात मले कोनी माय म्हणे नाई. ते तुमीच नं भाऊ?"
मी म्हटलं, निघू, उशीर होते.
माय. हा शब्द माझ्या तोंडी नाही. आपण जन्मभर सगळ्यांना मावशी. माय म्हणायचा दिग्या. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही, भाजीवालीला, भांडणाऱ्या गिऱ्हाइकालाही. मी चिडवायचो त्यावरून, तुह्या माया किती हायेत बे.
पण मॅनेजरचे शब्द मी ऐकले. मी तिथंच होतो. कॅमेरा माझ्या हातात...
नसेलही. किंवा तो शब्द दिग्यानं नुसता शेजारून म्हटला असेल. असं होऊ शकते.
दिग्याला अजून हो म्हटलेलं नाही.
खाली हॉर्न. नात पुढच्या सीटवर बसली, प्रमिलाबाई मागं सरकून माझ्यासाठी जागा करून राहिल्या.