दुधीवर शिकलेली दाढी

प्रिय शीतल लेकरा,
सप्रेम जयभीम.

आधी आली ती तुझ्या प्रेमानंदची आत्या. मी अंगणात मिरच्या वाळत घालून राहिले होते, तर ही बाई फाटकातूनच विचारते, "शेषरावचं घर हेच ना?" तिच्यामागं प्रेमानंदची आई, मग बाप, मग एक मामा. न सांगता-सवरता चौघं! हिंगोलीला कुणाच्या लग्नाला आले होते, म्हणले, पोरीचे आजी-आजोबा पुसेगावात हायत तर भेटून जावं. आत्याची साडी मोरपंखी होती, काठ चांगला चार बोटं रुंद. माझं निम्मं ध्यान काठावरच. तू पसंत केलेला पोरगा मी अजून डोळ्यानं पाहिला न्हाई, पण आत्यावरून घर बराबर वाटलं. फाडफाड बोलती, पोटात काही ठेवत न्हाई.

अन् तिथंच घोळ झाला. तुझे आबा ओसरीवर बसले होते. माणसं दिसली तसे उठले, आतल्या खोलीत गेले अन् कडी लावून घेतली. मी चहा टाकला, तीन हाका मारल्या, दार उघडंना. आपल्याकडं सोयरिकीच्या माणसांसंगं घरच्या म्हाताऱ्यानं चहा घेतला की होकार समजतात. न्हाई घेतला तर काय समजायचं ते तुला सांगायला नको. प्रेमानंदच्या बापानं कप तोंडाला न लावता खाली ठेवला. आत्या जाताना म्हणली, "बाई, मोठ्यांना पसंत नसंल तर तसं सांगा, आमी राग न्हाई धरणार." पुन्हा येतो असं कुणीच म्हटलं न्हाई. ते तुझ्या कानावर गेलंच असंल, कारण त्या दिवसापासून तुझा फोन न्हाई.

पाहुणे गेल्यावर मी आबांना धारेवर धरलं. काहून लपले? तर म्हणले, "असल्या दाढीनं पोरीच्या सासरच्यांपुढं बसू काय?"

व्हय लेकरा, दाढी. तू दिवाळी करून गेलीस त्यानंतर वाढली, छातीला टेकायला आली. ज्या माणसानं उभ्या जन्मात दोन दिवस गालावर खुंट ठेवले न्हाईत त्याची. तुला आठवतं ना, लिंबाच्या खोडाला आरसा अडकवून ते दाढी करायचे अन् तू साबणाचा फेस नाकाला लावून पळायचीस? तो वस्तरा त्यांच्या बापाचा. त्या काळात गावचा न्हावी आपल्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला हात लावत नव्हता. आमच्या लग्नाच्या दिवशीही आला न्हाई. आबांनी फुटक्या आरशात पाहून स्वतःच केली, घाईत हनुवटी कापली, अन् रक्त थांबायला कागदाचा कपटा चिकटवला. मी सोळा वर्षांची, पाटावरून पहिल्यांदा वर पाहिलं तर नवरदेवाच्या तोंडावर कागद! मला जे हसू फुटलं ते आवरंना. माझ्या मायनं असा चिमटा काढला की चार दिवस दंड निळा होता. त्या दिवसापासून आबांचा पण, आपल्या गालाला न्हाव्याचा हात लागू द्यायचा न्हाई. आता जमाना बदलला. सलूनवाला मुन्ना चांगला माणूस हाय, स्वतःहून म्हणतो, आबा, घरी येऊन करून देतो. आबा त्याला चहा पाजतात अन् वाटेला लावतात.

मंग मीच ठरवलं. बहात्तर वर्षांची, तिसरी शिकलेली, पण उभा जन्म विळ्यावर भाजी चिरली, मला वस्तऱ्याचं काय भ्यांव? आबा दुपारी निजले की मी न्हाणीत बसून दुधीला साबण फासायची अन् वरून वस्तरा ओढायची. पहिल्या दिवशी दुधीचं निम्मं सालच निघालं. सोललेली दुधी टाकून कशी द्यायची? आठ दिवस आमच्या घरी दुधीचीच भाजी. आबा म्हणले, "पद्मा, बाजारात दुसरं काही मिळंना झालं काय?" मंग शेजारच्या घरी वाढदिवस झाला, तिथून एक फुगा आणला, म्हटलं गाल मऊ असतो, यावर करून पाहावं. ठाप्पकन् फुटला! आबा धावत न्हाणीत आले. माझ्या हातात वस्तरा, तोंडावर फेस, धारेला दुधीचं हिरवं साल.

"माझ्या बापाच्या वस्तऱ्यानं दुधी?" बस, येवढंच बोलले. दिवसभर जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर लिंबाखाली उन्हाकडं तोंड करून बसलेले, गळ्यात पंचा. म्हणले, "आधी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून धार लाव. पाठ पुढं, धार मागं. घाई न्हाई." मग कातरीनं लांब केस उतरवून घेतले अन् कातडी डाव्या हातानं कशी ताणायची, वस्तरा उभा काहून धरायचा न्हाई, केसाच्या वळणानं कसं जायचं, सगळं शिकवलं. इतक्या वर्षांत त्यांचं तोंड मी इतक्या जवळून पाहिलं न्हवतं गं. फेस निघत गेला अन् खालून माझा नवरदेव निघत गेला. हनुवटीवर तो लग्नातला वण सापडला, तांदळाच्या दाण्यायेवढा. तो पाहून मला पुन्हा हसू आलं, हात हलला, अन् वणाच्या शेजारीच बारीक कापलं. मी तुरटी शोधाया लागले तर ते म्हणले, "तुरटी राहू दे, कागद लाव."

आता फोनवर न सांगता हे कागदावर काहून लिहून राहिले ते ऐक. फोन आबांच्या उशाशी असतो, अन् हे तुला सांगायची त्यांनी मला बंदी केली हाय. त्यांचा उजवा हात कापतो, लेकरा. दिवाळीनंतर सुरू झालं. डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी थोडं कमी राहील, जाणार न्हाई. म्हणून वस्तरा सुटला, म्हणून दाढी. अन् त्या दिवशी खरी लाज दाढीची न्हवती, चहाची होती. कप हातात घेतला असता तर सोयऱ्यांपुढं सांडला असता. तू पसंत केलेल्या पोराला त्यांनी कधीच न्हाई म्हटलं न्हाई. दाढी झाली त्याच दिवशी म्हणले, "पद्मा, सदरा काढ." हनुवटीला कागद तसाच, अन् आमी दोघं जीपा बदलत कनेरगाव नाक्याला, प्रेमानंदच्या घरी. आत्यानं चहा आणला. आबांनी दोन्ही हातांनी कप धरला, निम्मा बशीत, थोडा सदऱ्यावर, उरलेला सगळा प्याले. प्रेमानंदच्या बापानं आपला कप उचलला अन् तोही बशीत ओतून प्याला. तवा रुसवा सोड अन् घरी ये. आल्यावर हाताकडं पाहून रडू नको, सकाळी लवकर ऊठ अन् लिंबाखाली माझ्याशेजारी बस, तुलाही शिकवते. दुधी आणून ठेवली हाय. ते चौघं बुद्धपौर्णिमेला सकाळच्या चहालाच येतो म्हणलेत.

तुझीच, आता वस्तरा चालवणारी,
पद्मा आजी