खिडकीतली शेवंती

अहो,

ताई गाडी घेऊन लवकर आली, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. तिच्याबरोबर दवाखान्यात जातेय. मागच्यासारखंच चार दिवस ठेवून घेतील. रात्री थंडी पडते, कुंड्या आत घ्या. माती कोरडी लागली तरच पाणी घाला. मागच्या वेळी मायेनं रोज तांब्याभर ओतलंत!

खिडकीतली शेवंती आज उमलली. पिवळी! माझी पांढरी होती हो. मेलेली गुपचूप टाकून तुम्ही नवी आणलीत, पण रंग विचारायचा राहिला. मुलांना मी काही सांगत नाही. ती सुट्टीला आली की दरवर्षीसारखा शेवंतीपाशीच सगळ्यांचा फोटो काढू, पण मी घरी आल्यावर. तोवर हिलाही बुडवलंत, तर या खेपेला पांढरी आणा.