तांब्याभर पाणी

धाकट्या शांतवनास, प्रभूत सलाम.

बारा वर्षांनी तू पुण्याहून तलवाड्याला आलास, तेही चर्चच्या मंडळीच्या अध्यक्षाची निवड आठ दिवसांवर असताना. कशापायी, ते मला कळतं. अठरा वर्षं ती खुर्ची माझ्याकडं हाय.

येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले, तसा गुड फ्रायडेच्या आदल्या सांजेला पाय धुण्याचा विधी मीच करतो. बारा जण निवडतो, घरूनच पाय घासून यायला सांगतो. यंदा पाळकसाहेबांनी परात तुझ्या हाती दिली. तू ऊसतोडीवरून आलेल्या विमलबाईला पुढं बसवलंस, टाचांच्या भेगांत माती तशीच. मग माझ्यापुढं वाकलास. कुणी फोटो काढतंय का, ते मी बघत होतो. कुणीच न्हाई. "दादा, टाचा लई फुटल्या, एरंडेल लावत जा," एवढंच बोललास. मतांबद्दल चकार शब्द न्हाई. तिथंच माझा संशय पक्का झाला.

पण एक कबूल करतो. तू आलास त्या दुपारी मी दारातच विचारलं, "कुणी पाठवलं?" परक्यालाही आपण पाय धुवायला तांब्या देतो. तुला दिला न्हाई. धुळीनं भरल्या पायांनी तू उंबऱ्याबाहेर उभा होतास, अन् मी खिशातली चर्चची किल्ली चाचपत होतो.

हे पत्र त्याच खिशात ठेवतो.

तुझा थोरला,
याकोब