उलटे आटे

४ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही. जीप भंगारात जाणार नाही. लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं, तेच इथे लिहून ठेवते. उद्या माझंच मन डळमळलं तर उपयोगी पडेल.

तिचं म्हणणं चुकीचं नाही, हीच तर पंचाईत आहे. झटका आल्यापासून ह्यांची उजवी बाजू गेली. ह्यांना जिना चढवताना माझ्या नाकी नऊ येतात. खालच्या शेडमध्ये खोली बांधली की सगळं सोपं होईल. पण शेडमध्ये जीप आहे. जुनी, लष्कराच्या लिलावातली. ह्यांनी जन्मभर लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर हे धूड घरी आणलं. अर्धं खोललं आणि झटका आला.

"बाबांना आता काही कळत नाही आई. एकच शब्द बोलतात ते."

एकच बोलतात, खरं आहे. उलटं. चहा दिला – उलटं. पंखा लावला – उलटं. सदरा घातला – उलटं. (सदरा एकदा खरंच उलटा होता, ते सोडा.) बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडम सांगतात, जीभ त्या शब्दावर अडकली आहे, अर्थ लावत बसू नका. मान डोलावतात तीही कशालाही, तिच्यावर जाऊ नका.

शेवटी लेक म्हणाली, "बाबांना गाडी हवीय हे मला दाखव. मग मी एक शब्द बोलणार नाही." महिनाअखेरीला येते आहे.

दाखवते.

७ फेब्रुवारी

ह्यांची खुर्ची शेडमध्ये नेली. मी शिंपीण. शिलाई मशीन पूर्ण खोलून पुन्हा जोडलेलं आहे, तेही गिऱ्हाईक दारात उभं असताना. हे जरा मोठं मशीन, एवढंच.

कार्ब्युरेटर रॉकेलच्या डब्यात बुडवला. पेट्रोलच्या गंजलेल्या टाकीत बारीक खडी आणि पाणी घालून टाकी हलवली, तर वीट घोळवल्यासारखं लाल पाणी निघालं. पुन्हा हलवली. पुन्हा लाल. दंड भरून आले. हे मधूनमधून "उलटं" म्हणत होते. मी "हो हो" म्हणत होते. असा आमचा संसार.

११ फेब्रुवारी

ब्रेक जाम आहेत. चाकं काढल्याशिवाय गत्यंतर नाही. आज उजव्या बाजूची दोन्ही काढली. नट गंजलेले, पण रात्रभर तेलात मुरल्यामुळे ऐकले. हे गप्प बसून बघत होते. एकदाही उलटं नाही. झोप आली असेल.

१२ फेब्रुवारी

पाठ. आज काही नाही.

१४ फेब्रुवारी

वाईट दिवस.

डावं चाक हलेना. तेल घातलं, हातोडीने ठोकलं, पान्याला लोखंडी नळी लावून लटकले. हे ओरडायला लागले, "उलटं, उलटं!" डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आपटत होते. मी म्हटलं, "अहो, जरा दम धरा." ओरडणं थांबेना. मग मीही ओरडले. "कळतंय तरी का काय बोलताय ते!"

आणि नळीवर पाय ठेवून सगळं वजन टाकलं. कडकन आवाज झाला. बोल्ट मोडून नटासकट हातात आला.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना वर नेलं, जेवायला घातलं. लेक बरोबर असेल तर? माझं मीच एक खूळ डोक्यात घेऊन बसले असेन तर?

१५ फेब्रुवारी

सकाळी तो मोडका तुकडा मशीनच्या दिव्याखाली धरला. नुसता रागाने. किती गंजला होता ते तरी बघू म्हणून.

आटे चुकीच्या दिशेला गेलेत. दोन वेळा चष्मा पुसला. उजवीकडचा नट आणून शेजारी ठेवला. आरशात बघावं तसे एकमेकांच्या उलट! बोल्टच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला आहे. मी आपली समजत होते, कंपनीची खूण.

डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे. चाक पुढे फिरताना नट सुटू नयेत म्हणून. मी सोडवत नव्हतेच, जीव खाऊन आवळत होते. आणि हे ओरडून ओरडून सांगत होते, त्यांच्याकडे असलेल्या एकुलत्या एक शब्दात. तो शब्दही नेमका बरोबर.

उजव्या चाकांच्या वेळी गप्प का होते तेही कळलं. तिथे मी बरोबर होते.

त्यांच्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, "उलटे होते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "किती वेळ लावलास" असं. लग्नापासून ओळखीची नजर आहे ती. मी खूप रडले. मग उठून उरलेले नट सोडवले, उलटे फिरवून. लोण्यासारखे सुटले.

१७ फेब्रुवारी

लेथवाल्याकडे नवा बोल्ट करायला टाकला. "उलटे आटे? नक्की ना काकू? नंतर मला बोल लावाल." नक्की म्हटलं. माझ्याकडे साक्षीदार आहे.

२१ फेब्रुवारी

चालू झाली!

पहिल्यांदा खोकली, काळा धूर सोडला, मेली. मग पुन्हा लागली पण थरथरत. कार्ब्युरेटरचा स्क्रू किती फिरवायचा ते मला कळेना. हे खुर्चीत पुढे वाकले, डोळे मिटून आवाज ऐकला आणि डावा हात वर केला. हवेत पाना धरल्यासारखी मूठ. उजवीकडे वळवली – आवळ. मी आवळला. डावीकडे जरासं – सैल कर. केला. पुन्हा आवळ, अगदी नखभर. आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं.

मान खोटं बोलते, जीभ अडकते. हात नाही अडकत.

२३ फेब्रुवारी

हात हीच आमची भाषा झाली. आवळ म्हणजे हो, सैल म्हणजे नाही. मी दोन दिवस उलटसुलट प्रश्न विचारून खात्री करून घेतली.

तुम्हाला दोन मुली आहेत? सैल. एक? आवळ. आज सोमवार? सैल. (नव्हताच.) भाजीत मीठ बरोबर होतं? सैल. माझ्या आईला तुम्ही आवडायचात? इतक्या झपाट्याने सैल, की मी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिले.

लेकीला मुद्दामच काही सांगितलं नाही. येऊ दे. डोळ्यांनी बघू दे.

२८ फेब्रुवारी

आली. बघितलं. मी पाना चुकीच्या बाजूला फिरवायचं नाटक केलं, ह्यांनी हाताने दुरुस्त केलं. तिने स्वतः पाच-सहा प्रश्न विचारले, लहानपणीचे, मला ठाऊक नसलेलेही. सगळी उत्तरं बरोबर. बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली पोरगी. "मला वाटलं होतं तुम्ही गेलात," म्हणाली.

मी म्हटलं, "आता विचार, गाडी हवी का ते."

तिने विचारलं.

सैल.

मी म्हटलं, नीट विचार, इंजिनाचा आवाज होतोय. तिने इंजिन बंद केलं. "बाबा, जीप ठेवायची का?" सैल. "देऊन टाकू?" आवळ. घट्ट. शेवटच्या पिळापर्यंत.

मी आत जाऊन कणीक मळत बसले.

१ मार्च

वर्कशॉपमधलं त्यांचं बोलणं आठवतंय. दुरुस्त झाली की गेटबाहेर. एकाही गाडीत जीव अडकवला नाही त्यांनी, इतक्या गाड्या हाताखालून गेल्या. हीसुद्धा दुरुस्त करायची होती फक्त. झाली. आज सकाळी हे निवांत चहा प्यायले. लेक जीप घेणारं कुणी चांगलं माणूस शोधते आहे. भंगारात नाही देणार म्हणाली, गुणाची आहे.

मला मात्र घास उतरत नाही. असं का व्हावं?

२ मार्च

लेकीला सांगितलं, शेड घे, बाबांची खोली बांध. जीप अंगणात राहील.

"अगं, बाबा नको म्हणाले ना?"

"ते म्हणाले. मी म्हटलं का?"

इतके दिवस ह्यांच्यासाठी, ह्यांच्यासाठी करत होते. ह्यांना नकोच होती. मला हवी आहे.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांना फोन केला. तिकडची बाई म्हणाली, "शिकणार कोण, मुलगी की सून?" म्हटलं, मी. मग तिने विचारलं, "घरी गाडी आहे का सरावाला?"

म्हटलं, आहे. माझी आहे.