दादाला न विचारता घेतलेली लेन्स

दादा,

लेन्सच्या रबरी कड्यावर एकाच जागी, बोटाच्या पेराएवढं, रबर झिजून गुळगुळीत झालंय. आधीच्या मालकाने ती वापरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत बॅटरी मारून पाहिली, बुरशी नाही. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढले. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात. प्रिंट तुझ्या टेबलावर ठेवलेत. आधी ते बघ, मग तोंड उघड.

"दुसऱ्या कंपनीची, त्यात वापरलेली? अक्कल गहाण ठेवलीस का?" असं तू म्हणशील. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स मी दुकानात बदल्यात देऊन टाकली. तिच्यातून तळ्यापलीकडचं घरटं तांदळाच्या दाण्याएवढं दिसायचं. "थांब, कॅमेऱ्याच्याच कंपनीची घेऊ" हे तुझं चार वर्षं ऐकलं. त्यात दोनदा महिनोन्महिने चालणाऱ्या पक्षीगणनेलाही मी नाही म्हटलं, कारण आईजवळ कोण थांबणार?

रविवारी घरच्या सगळ्यांचा फोटो मी काढणार नाही. ही लेन्स लांबचं जवळ आणते; तिच्यात तुम्ही सगळे मावायचे तर मला रस्त्यापलीकडे उभं राहावं लागेल. वहिनीला सांग, फोटोग्राफर बोलाव.

मी तळ्यावर चाललेय. आईच्या दुपारच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत. जेवणानंतर दे, आणि गिळेपर्यंत समोरून हलू नकोस. ती जिभेखाली लपवते.

गणनेच्या बाईंचा सकाळी फोन आला, तेव्हा आई शेजारीच बसली होती. तिच्यादेखत मी मोठ्याने सांगितलं, "हो मॅडम, या वेळी मी येतेय. पूर्ण तीन महिने."